राणी वारुणीची हळद

कमळाबाईंना टीव्हीवर बोलावणं आलं, तेव्हा त्या सुकापूरच्या घरापुढे वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. फोन उचलला नात अंकिताने. "हो... हो, माझीच आजी... रविवारी?" असं म्हणत ती पोरगी अंगणभर येरझारा घालायला लागली आणि कमळाबाईंनी ओळखलं, काहीतरी घोळ आहे.

"आजी, 'खाडीपलीकडे'वाले तुला बोलावतायत!"

"मना? कशाला? मी काय केलं?"

काय केलं ते सांगायचं तर आधी 'सप्तखाडी'चं सांगायला हवं. सात खाड्यांची सात राज्यं, पाण्यावरून पळणारे घोडे, खारं पाणी पिऊन भविष्य सांगणारी एक म्हातारी, अशी ती मालिका. पनवेल बाजारात भाजी घेणाऱ्या बायासुद्धा त्या राज्यांच्या भानगडी अशा बोलायच्या, जसं काही शेजारच्या चाळीतलंच सगळं. दर रविवारी चार वाजता नवा भाग यायचा, आणि तो संपला की पाच वाजता 'खाडीपलीकडे'. त्यात निनाद नावाचा एक चटपटीत पोरगा सोफ्यावर बसून, आत्ताच संपलेल्या भागाचा तासभर कीस काढायचा. कोणी कुणाकडे का बघितलं, अंगठी डाव्या हातात का होती, असलं सगळं.

"आत्ता डोळ्यांनी बघितलं, त्येच परत तोंडानं सांगायचं?" कमळाबाईंनी एकदा विचारलं होतं. मग स्वतःच म्हणाल्या होत्या, "बरोबर हाय. लगीन झाल्यावर आमी बाया पानाचा डबा घेऊन बसतो, तसंच."

तर या मालिकेत दिवाळीच्या आधी राणी वारुणी मेली. बंदरावरच्या लढाईत, छातीत भाला लागून, एकटी. आणि ती पाण्यात खाली खाली जात असताना मागे एका म्हातारीचा आवाज लागला. लांबवलेला, संथ, अंगावर काटा आणणारा. अख्खा महाराष्ट्र ढसाढसा रडला म्हणतात. पोरींनी त्या गाण्यावर व्हिडिओ केले, रिक्षावाल्यांनी ते फोनला लावलं.

तो आवाज कमळाबाईंचा. आणि ते गाणं हळदीचं!

कमळाबाई धवलारीण. आगरी लग्नात मांडव घातल्यापासून जी बाई विधी सांगत गाते, ती धवलारीण, आणि तिचं गाणं म्हणजे धवला. चाळीस वर्षं कमळाबाईंच्या तोंडून देवांना आवतण गेल्याशिवाय आसपासच्या पाच गावांत हळद लागली नव्हती. दोन वर्षांपूर्वी निकेश नावाचा, मालिकांसाठी आवाज टिपणारा एक माणूस माइक घेऊन घरी आला. आपल्यातलाच होता, पण वाढला नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये. उगाच आपलं गायचं म्हणून धवला गात नाहीत, असं त्यांनी ठणकावल्यावर बिचाऱ्याने ताटात तांदूळ, सुपारी, हळद सगळं मांडलं. कमळाबाई गायल्या. अर्ध्यावर आल्या आणि शेजारच्या टॉवरच्या कामावर जेसीबी सुरू झाला. "आजी, एवढं पुरे," म्हणून निकेश गेला. उरलेला अर्धा कमळाबाईंनी संध्याकाळी देवापुढे एकट्यानेच गाऊन संपवला, कारण आवतण देऊन देवांना दारात उभं ठेवायचं नसतं.

मालिकेत लागला तो पहिला अर्धा. तोही मरणावर.

आधी त्यांनी मनावर घेतलं नाही. पण त्या हंगामात एका घरून निरोप आला, "यंदा राहू दे कमळामावशी, पोरं डीजे आणतायत." मग दुसऱ्या घरून तसाच. तिसऱ्या घरची बाई तोंडावर म्हणाली, "तुमचा आवाज आला की राणीच दिसते हो, नको वाटतं." कमळाबाईंनी तेही गिळलं. पण आता अंकिताचं लग्न ठरलं होतं, करंजाडे गावच्या एका घरात. दोन्ही घरांची हळद एकाच लॉनवर, येत्या गुरुवारी. आणि होणाऱ्या विहीणबाई, सुनीताबाई, फोनवर गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा. फक्त ते मेलेल्या राणीचं गाणं नको. आमच्याकडच्या बायका त्या मालिकेच्या वेड्या आहेत, अपशकुन मानतील."

कमळाबाईंचा मुलगा जगन म्हणाला, "आई, सोड ना. एवढ्यासाठी विहिणीशी वाकडं घ्यायचं?"

दुसऱ्यांच्या शेकडो पोरींना गाऊन हळद लावली, आणि स्वतःच्या नातीच्या हळदीला तोंडाला कुलूप! त्या दिवशी कमळाबाई जेवल्या नाहीत. रागाने नव्हे, घास उतरेना म्हणून.

त्यामुळे बोलावणं आलं तेव्हा त्यांनी शेंगांची पाटी बाजूला सारली. "जाते," म्हणाल्या. "जाते आनि त्यांच्याच तोंडावर सांगते, ह्ये गानं कशाचं हाय त्ये."

स्टुडिओ कळंबोलीत होता, लोखंडाच्या बाजारामागच्या एका जुन्या गोदामात. अंकिताने आजीला स्कूटीवर बसवून नेलं. बाहेर सळ्यांनी भरलेले ट्रेलर, आत मखमली पडदे आणि थर्माकोलचं बंदर. कमळाबाईंनी हिरवं लुगडं नेसलं होतं आणि नाकात मोठी नथ. एका मुलीने त्यांच्या तोंडाला पावडर लावायला घेतली तर म्हणाल्या, "माझ्या लग्नात नाय लावली कोनी, आता काय लावते?"

सोफ्यावर निनाद, राणीचं काम करणारी दिपिका आणि तो निकेश. निकेशने वाकून नमस्कार केला. पोरगा घामाघूम झाला होता. कॅमेऱ्यामागे अंधारात अंकिता एका खुर्चीवर बसली.

कार्यक्रम थेट जात होता. निनाद सुरू झाला, "ज्या विलापाने आपल्या सगळ्यांना रडवलं, सप्तखाडीच्या प्राचीन भाषेतला तो मृत्युगीताचा आवाज..."

"थांब," कमळाबाई म्हणाल्या.

निनाद थांबला. त्याला असं कुणी थांबवलं नसावं.

"पहिली गोष्ट, भाषा प्राचीन-बिचीन काय नाय, आमचीच हाय. आमी घरात बोलतो. दुसरं, ह्यो विलाप नाय. हळदीचा धवला हाय. 'पयलं आवतन समिंदराला, दुसरं आवतन डोंगराला.' लग्नाला या म्हनून सांगतोय आमी देवांना. आनि तुमी त्यो मयताला लावला!"

बाहेर एका ट्रेलरने हॉर्न दिला.

निकेशने मान खाली घातली. "आजी, चूक माझी आहे. मी दिग्दर्शकांना सांगितलं की हे शोकगीत आहे. चाल ऐकून मला तसंच वाटलं. एवढं संथ, एवढं लांबवलेलं..."

"तू मना विचारलंस?"

"नाही."

"तुझं लगीन झालं?"

"हो, चार वर्षं झाली."

"हळदीला कोन गायलं?"

निकेश हळूच म्हणाला, "डीजे होता."

दिपिका फिसकन हसली आणि तिने तोंडावर हात ठेवला. कमळाबाईंना त्या पोराची कीव आली. आगऱ्याचा पोरगा, स्वतःच्या हळदीला धवला ऐकलाच नाही, त्याला तो कळणार तरी कुठून? त्यांचा राग निम्मा तिथेच उतरला.

"लांबवून का गातात माहीत हाय?" त्या म्हणाल्या. "देव लांबून येतात. कोन खाडीतनं, कोन डोंगरावरनं. त्यांना मांडवात पोचायला वेळ लागतो. घाईनं गायलं तर अर्धे वाटेतच राहतील."

निनादचे डोळे चमकले. कमळाबाईंना ती चमक मुळीच आवडली नाही.

"म्हणजे राणी मरत असताना तिची हळद चालली होती!" तो सोफ्याच्या टोकाला सरकला. "म्हणजे ती समुद्रात बुडाली नाही, समुद्राने तिला... प्रेक्षकहो, राणी वारुणी जिवंत आहे!"

झालं! समोरच्या पडद्यावर प्रेक्षकांच्या निरोपांचा पाऊस पडला. मला आधीच वाटलं होतं. म्हणूनच तिच्या कपाळावर पिवळा उजेड होता. दिपिकाकडे बघा, ती काही बोलत नाहीये! आणि खरंच दिपिका काही बोलत नव्हती. तिने पुढचं काही सांगायचं नाही म्हणून कागदावर सही केली होती, आणि ती नुसती गालात हसत होती. त्या हसण्याने तर सगळ्यांची खात्रीच पटली.

कमळाबाईंनी कपाळाला हात लावला. आपण सांगायला आलो काय आणि यांनी अर्थ काढला काय! तेवढ्यात निनाद वळून गोड आवाजात म्हणाला, "आजी, आमच्या प्रेक्षकांसाठी तो धवला पूर्ण गाल?"

"कोनाचं लगीन हाय?"

"अं?"

"इथं कोनाचं लगीन हाय? तुझं? हिचं?" त्यांनी दिपिकाकडे बोट केलं. "मंग देवांना कशाला हाका मारू? आले नि विचारलं, नवरी कुठं हाय, तर काय सांगू, टीव्हीवर हाय?"

मग त्यांनी एक केलं. कुठल्या कॅमेऱ्यात बघायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून लाल दिवा होता त्यात बघितलं.

"सुनीताबाई, बघताय ना? मी कमळा, तुमची विहीन. चाळीस वर्षं मी पोरींना हळद लावली. एकही गानं मयताचं नाय गायले मी. माझी एकच नात हाय. तिच्या हळदीला मी गप बसले तर मी मेल्यासारखीच. एवढंच सांगायचं होतं."

अंकिताने अंधारात दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. लाजेने की रडू आलं म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

परतीच्या वाटेवर कमळाबाईंना आता भीती वाटत होती. चारचौघांत विहिणीचं नाव घेतलं! जगन काय म्हणेल? सुनीताबाईंनी रुसून उद्या काही वेडंवाकडं केलं तर? जीभ म्हणजे जीभ नाही, नुसता सुटलेला बैल. घरी येऊन त्यांनी वालाच्या शेंगा पुढ्यात घेतल्या आणि मुकाट सोलायला लागल्या.

फोन अर्ध्या तासाने आला. सुनीताबाईच होत्या. जगनने फोन आईच्या हातात दिला आणि तिथेच उभा राहिला.

"विहीणबाई," सुनीताबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "खरं सांगा हं. राणी जिवंत आहे ना?"

मालिकेचं पुढचं कमळाबाईंना काडीचं माहीत नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, आणि हातातली वेळही घालवायची नव्हती.

"मालिकावाल्यांचं त्यांना ठाऊक," त्या म्हणाल्या. "पन माझ्या धवल्यानं हळद लागलेली एकही पोर अजून वाया नाय गेली."

पलीकडे बायांची कुजबुज झाली. घरात बरीच मंडळी जमलेली दिसत होती. मग सुनीताबाई म्हणाल्या, "मी चुकले हो. मला काय माहीत, हळदीचं आहे म्हणून! आमच्या घरात धवला बंद होऊन वीस वर्षं झाली. गुरुवारी तुम्हीच गा. डीजेवाल्याला मी अकरा वाजता बोलावते, तुमचं झाल्यावर."

कमळाबाईंनी फोन ठेवला आणि जगनला म्हणाल्या, "उभा काय राहिलास? मना भूक लागलीय."

गुरुवारी सकाळी लॉनवर पाट मांडला. अंकिता पिवळी साडी नेसून बसली. निकेश बायकोला घेऊन आला होता, माइक न आणता. कमळाबाईंनी सुपातले तांदूळ हातात घेतले, डोळे मिटले आणि पहिलं आवतण उचललं.

दुसऱ्या ओळीला त्यांना दुसरा आवाज ऐकू आला. मग तिसरा. त्यांनी डोळे उघडले. करंजाड्याच्या पोरी, सुकापूरच्या पोरी, जीन्सवाल्या, मेंदीवाल्या, सगळ्या गात होत्या. मालिकेत ऐकून ऐकून त्यांना तो तोंडपाठ झाला होता. सुनीताबाईसुद्धा गात होत्या, जरा बेसूर, पण शब्द एकही चुकत नव्हता. चाळीस वर्षांत कमळाबाईंच्या मागे एक पोर शिकायला बसली नव्हती. आपल्याबरोबरच हे संपणार असं त्यांनी केव्हाच धरून ठेवलं होतं. त्यांना थांबून सगळ्यांकडे बघावंसं वाटलं. पण गाणं सोडता येत नव्हतं, देव वाटेवर होते.

समुद्र आला, डोंगर आला, वेशीवरचा देव आला. आणि अर्ध्यावर, जिथे तेव्हा जेसीबी सुरू झाला होता, बरोबर तिथे सगळ्या पोरी एकदम थांबल्या. पुढचं त्यांना येत नव्हतं. सगळ्या कमळाबाईंकडे बघायला लागल्या.

कमळाबाईंनी अंकिताच्या गालाला हळदीचं पहिलं बोट लावलं आणि एकट्याच पुढची ओळ गायल्या, "आलात ते बसा देवा, पोरीच्या माथ्यावर हात ठेवा."

मग थांबल्या. धवल्यात मध्ये थांबत नाहीत, पण त्या थांबल्या. आणि तीच ओळ त्यांनी पुन्हा एकदा, आधीपेक्षा सावकाश म्हटली, पोरींना उचलता यावी म्हणून.