कंदुरीचा सत्तूर

मित्रांनो, मी एक जुना सत्तूर आहे. मटण तोडणे हे माझे काम; पण हल्ली मी न्यायाधीशांना शिकवतो. हसू नका. परभणीच्या कचेरीत माझ्या गळ्यात चिठ्ठी आहे, तिच्यावर लाल लाखेचा शिक्का आहे. तुमच्या गुरुजींना तरी असा मान मिळतो का?

माझा जन्म बोरीचा. लोहाराने बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, ठोकून मला घडवले आणि बाभळीची मूठ बसवली. मुठीपाशी नखाएवढी फट राहिली. "चालतंय की," म्हणाला मेला, आणि मला आश्रुबाच्या हातात दिले.

आश्रुबा कोरडवाहू शेतकरी. तोंडाने फटकळ, पण हाताने दिलदार. आमच्याकडे नवस फिटला की हिंदू असो नाहीतर मुसलमान, दर्ग्याला कंदुरी करतात. मुलाणी बकरे हलाल करतो, मग भाऊबंद मटण तोडून शिजवतात आणि सगळा गाव जेवतो. त्या तोडणीला गावात मीच लागायचो. आश्रुबाच्या दाराशी खुंटीवर मी टांगलेला असे. ज्याला हवा त्याने न्यावा, काम झाले की आणून टांगावा. आश्रुबाची बायको सरजाबाई मला राखेने घासून लख्ख करी. फटीतले रक्त मात्र निघत नसे. पण लोक माझी धार वाखाणत, त्यामुळे मी फुगून टांगलेला असे.

दुष्काळ सरला त्या वर्षी बांधावरून आश्रुबाचे आणि शेजारच्या बन्सीधरचे वाजले. चारचौघांत आश्रुबा म्हणाला, "तुला तोडीन." म्हणाला, खोटे कशाला बोलू? भांडणात आमच्याकडे सगळेच असे म्हणतात आणि संध्याकाळी एका पारावर बसून तंबाखू मळतात. पण थोड्याच दिवसांत बन्सीधर ओढ्यात मेलेला सापडला. मानेवर घाव होता. पोलीस आले आणि मला खुंटीवरून, आश्रुबाला ताटावरून घेऊन गेले.

खटला दिनकररावांपुढे चालला. ते नवे न्यायाधीश, पुण्याकडून बदलून आलेले. तपासणीचा कागद आला. सत्तुरावर रक्त आहे, एवढेच त्यात होते. माणसाचे की जनावराचे, ते सांगता येत नाही, असेही होते. आश्रुबाने हात जोडले. "साहेब, ते कंदुरीच्या बकऱ्याचं हाय. कोणालाबी इचारा."

दिनकररावांनी कुणालाच विचारले नाही. हिंदू माणूस दर्ग्याला बकरे कशाला कापेल, ही तर उघड थाप, असे त्यांनी निकालात लिहिले. जन्मठेप झाली. सरकारने दिलेल्या वकिलाने अपील मुंबईला धाडले आणि तो हे सारे विसरून गेला.

सरजाबाई बोरी सोडून परभणीत भांडी घासायला लागली. नवरा सुटला तर दर्ग्याला कंदुरी करीन, असा तिने नवस बोलला होता.

मग परभणीतच न्यायाधीशांसाठी शिबिर भरले. पुरावा कसा पारखावा, हे त्यांना शिकवायचे होते. शिकवायला आबासाहेब आले. ते निवृत्त न्यायाधीश, याच मातीतले. त्यांनी मला टेबलावर ठेवले, नावे न घेता सगळा खटला सांगितला आणि म्हणाले, "कंदुरी तर आमच्या घरीसुद्धा असते. ही थाप म्हणणारा कोण विद्वान होता?" सगळे पोट धरून हसले. दिनकररावांनी मला ओळखले होते. तेही हसले, सर्वांत मोठ्याने. शिवाय निकाल काय हवा होता, याचे उत्तरही उभे राहून त्यांनीच दिले. रक्त माणसाचे आहे हेच सिद्ध नाही, तेव्हा आरोपी सुटलाच पाहिजे. टाळ्या पडल्या.

व्हरांड्यात चहाच्या कपबशा धूत बसलेली सरजाबाई ओल्या हातांनी दारात आली.

"मंग माझ्या मालकाला सोडा की," ती म्हणाली. "तुमी सगळेच तर म्हणायलाव."

आबासाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. दिनकरराव म्हणाले, "बाई, एकदा दिलेला निकाल मला फिरवता येत नाही. अपिलात बघतील." शिपायाने तिला बाहेर नेले. दुसऱ्या दिवशी कपबशांना वेगळी बाई होती.

शिकलेले वाया गेले नाही हो! पुढे अशाच एका खटल्यात दिनकररावांनी बड्या जमीनदाराच्या मुलाला सोडले. रक्त कुणाचे ते ठरत नव्हते. निकाल बरोबरच होता. वकिलांनी वाहवा केली.

अपिलाचा नंबर लागण्याआधी आश्रुबा तुरुंगात काविळीने गेला. माणूसच गेला म्हणून अपीलही बंद झाले. कागदावर तो अजून खुनी आहे, आणि मी खुनाचे हत्यार.

सरजाबाई मला मागायला कचेरीत आली. घरात त्याची दुसरी वस्तूच उरली नव्हती. कारकून म्हणाला, "न्हाई मिळणार. दिनकररावसाहेबांना शिबिरात लागतो. आता तेच शिकवतात."

 तिने माझ्या फटीशी बोट नेले, तर कारकून खेकसला.

"ठेवा," ती म्हणाली. "पण धुऊन ठेवा. आणखी कोणाचा घात नको."

मित्रांनो, तुमच्या घरी सत्तूर असेल तर त्याची फट आजच नीट धुवा. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी त्या खुर्चीवर बसलाच, तर ज्याचा निकाल लावायचा, त्याच्या गावात आधी एकदा जेवून या. मला कुणी धुणार नाही. पुराव्याला पाणी लावायचे नसते, हेही शिबिरात शिकवतात.