पुढचा दात

रेघ दाताच्या कडेपासून निघून तिरपी वर जात होती आणि मध्यापर्यंत पोचायच्या आत विरत होती. केसापेक्षा बारीक. समोरून दिसतच नव्हती. मॅडमनी मान किंचित खिडकीकडे वळवली की दातातून जाणारा उजेड तिथे अडखळायचा आणि तेवढ्यापुरती ती दिसायची. तडा नव्हे, नुसती वयाची खूण. शेजारचा दात पायरीवर आपटून तुटला होता. त्याच्या जागी जो नवा येणार, त्याला जन्मभर या रेघेच्या शेजारी उभं राहायचं होतं. म्हणून तिने ती कागदावर उतरवून घेतली.

पुढचा दात असेल तर पेशंटने स्वतः तिच्या दात बनवायच्या लॅबमध्ये यायचं आणि सकाळच्या वेळी उत्तरेच्या खिडकीशी बसायचं, हा तिचा नियम होता. डॉक्टर कुरकुरत. इतर लॅब फोनवरच्या फोटोवरून रंग ठरवतात, तुमचंच काय मोठं, असं म्हणत. तरी दोन जिने चढून माणसं येत, कारण त्यांना आणायचं काम तिचा दीर करी. मॅडमनाही त्यानेच हात धरून वर आणलं होतं. वाटेत त्यांच्या गुडघ्याची चौकशी झाली, मुलीच्या परीक्षेची झाली, कुत्र्याच्या पिल्लाचं नाव विचारून झालं. खिडकीशी बसल्यावर मॅडम तिला एवढंच म्हणाल्या, की दुखणार नाही ना. नाही, म्हणून तिने मान हलवली आणि पुन्हा दाताकडे बघितलं.

दात चांगला झाला. पोर्सिलिनचा एकेक थर चढवून भट्टीत घालायचा, काढायचा, खिडकीशी नेऊन बघायचा, पुन्हा चढवायचा. शेवटच्या थराआधी तिने अगदी बारीक ब्रशने एक पुसट रेघ ओढली; शेजारच्या दातासारखी हुबेहूब नव्हे, त्याच वयाची वाटेल अशी. साचे ओतणारे प्लास्टरवाले काका भिंगातून बघून म्हणाले, "हा दात खोटा आहे हे मॅडमच्या आईलासुद्धा ओळखू यायचं नाही." आपल्या हातून झालेल्या कामावर ती सहसा खूश नसे. या वेळी होती. कापसात गुंडाळून, डबीत घालून तिने तो दिराच्या हातात दिला.

लॅबमध्ये तिला सगळे वहिनी म्हणत, कारण दीर म्हणे. दिराला मागून सगळे टॉवर म्हणत. ते नाव काकांनी ठेवलं होतं: शहरातला कुणाचाही फोन कुणालाही लागायचा असला तरी तो याच्यावरून जातो म्हणून. दात कसा करतात हे टॉवरला आजही नीट सांगता आलं नसतं. पण कुठल्या डॉक्टरचा बाप आजारी आहे, कोणाला फुकटचा चहा चालतो आणि कोणाला त्याचा राग येतो, कोणत्या दवाखान्यात डॉक्टरपेक्षा रिसेप्शनवरच्या बाईंना विचारायचं असतं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. ते सोपं नाही, हे तिला कळत होतं. तिने एकदा त्याच्याबरोबर दवाखान्यांत हिंडून बघितलं होतं. दुपारपर्यंत ती इतकी थकली, की परत येऊन भट्टीसमोर बसली तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करत होते तेव्हा टॉवरने कोणाला तरी फोन केला आणि नवरा राहिला. मुलीला हव्या त्या कॉलेजात जागा मिळाली ती त्याच्या ओळखीने. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी पलंग मिळत नव्हता. हा सकाळी गेला आणि जेवायच्या वेळेला त्या खिडकीजवळच्या पलंगावर झोपलेल्या होत्या. घरात बोट ठेवावं तिथे त्याचा एखादा फोन निघायचा. आणि त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं.

मॅडम म्हणजे मोठ्या हॉस्पिटलच्या संचालकांच्या पत्नी. दात बसला आणि आठवड्याभरात संचालकांचा निरोप आला. हॉस्पिटलचं आणि त्याच्या सगळ्या शाखांचं दातांचं काम यापुढे यांच्याकडे. जागासुद्धा तेच देणार, हॉस्पिटलच्या तळघरात. अट एकच: बाहेरची लॅब बंद करून पूर्ण वेळ तिथे बसायचं आणि पाच वर्षं दुसऱ्या कोणाचं काम घ्यायचं नाही. टॉवरने पेढ्यांचा बॉक्स आणावा तसा हा निरोप घरी आणला. सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि ती म्हणाली, "बघू."

त्या बघूला आता बरेच महिने झाले होते. संचालक फोन करत, टॉवर त्यांना काहीतरी सांगून थोपवून धरी. घरात बघूचा विनोद झाला होता. भाजी कोणती करायची विचारलं की नवरा म्हणे, बघू. तिच्या मनात असायचं ते एवढंच: तळघरात खिडकी नाही. रंग दिव्याखाली दिसत नाही, निदान खरा दिसत नाही. हे तिने एकदा सांगितलं, तर टॉवरने बाजारातले सगळ्यात महाग दिवे बसवायचं कबूल केलं. दुसरं कारण तिला शब्दांत मांडता येत नव्हतं आणि मांडता न आलेलं कारण ती कारण मानत नसे.

पण नाही म्हणणंही जड जात होतं, आणि त्यामागे उपकारांपेक्षा वेगळं काहीतरी होतं. आजवरचं प्रत्येक काम टॉवरच्या ओळखीने आलं होतं. लोकही तसंच म्हणत: धंदा म्हणजे तो, या नुसत्या आत बसतात. हे एक काम मात्र दाताने आणलं होतं. मॅडमनी आरशात बघितलं, नवऱ्याला दाखवलं, आणि ते काम आलं. हे ती कोणाजवळ बोलली नव्हती. कधीकधी हात धुताना तिला ते आठवायचं आणि नळ तसाच चालू राहायचा.

शेवटी टॉवरने ठरवलं, की एकदा जागा तरी बघून घेऊ. रविवारी सकाळी सगळ्यांना गाडीत घातलं. सासूबाईसुद्धा आल्या, सुनेने केलेली नवी कवळी लावून.

तळघर स्वच्छ होतं. जिना उतरल्यावर जो दरवाजा होता तो आपोआप बंद होणारा होता, आणि बंद झाल्यावर वरचे आवाज एकदम तुटले. छताखालून जाड पाइप गेले होते. मधूनच त्यातून पाणी धावे. भिंत नव्याने रंगवलेली होती. शेजारच्या खोलीत चादरी धुवायची यंत्रं फिरत होती, त्यांची थरथर तिला टेबलावर हात ठेवल्यावर जाणवली. या टेबलावर बारीक रेघ ओढायची कशी, हा विचार तिने केला आणि सोडून दिला. टॉवर भट्टी कुठे, काका कुठे, वहिनींची खुर्ची कुठे, हे हातवारे करून दाखवत होता. खुर्ची त्याने खरंच चांगली आणली होती, पाठीला आधार असलेली. तिची कंबर दुखते हे त्याच्या लक्षात होतं. ती बसली. समोर भिंत होती. सासूबाई म्हणाल्या, की इथे थंड आहे, उन्हाळ्यात बरं पडेल. नवऱ्याने दिवे किती आहेत ते मोजल्यासारखं वर बघितलं.

तेवढ्यात मॅडम खाली आल्या. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. तुम्ही जादू केलीत, म्हणाल्या. ज्याला त्याला मी तुमचंच नाव सांगते, आमच्या यांना तर मी सांगितलंच, की काम द्यायचं तर या बाईंनाच. आणि त्या मनापासून हसल्या.

ती एका हाताच्या अंतरावर होती. दात पांढरा होता, बशीसारखा पांढरा, कडेपर्यंत सारखा. त्यात खोली नव्हती, रेघ नव्हती. कड सरळ कापलेली होती. तिच्या हातून असा दात शिकाऊ असतानासुद्धा झाला नव्हता. शेजारचा जुना दात मात्र तोच होता, त्याच्या तिरप्या रेघेसकट, आणि त्या पांढऱ्या दातापुढे तो मळका दिसत होता.

सगळे तिच्याकडे बघत होते. मॅडमनी तिचे हात सोडले नव्हते. ती म्हणाली, "तुम्हाला आवडला ना, मग झालं." आपला आवाज तिला पाइपातून आल्यासारखा वाटला. टॉवर चटकन पुढे झाला आणि त्याने पिल्लाची चौकशी केली.

परत येताना सिग्नलच्या रांगेत गाडी अडकली. टॉवर चालवत होता, नवरा पुढे, मागे ती आणि सासूबाई. काचा वर होत्या. टॉवरचा फोन वाजला, त्याने तो बंद केला. तो फोन बंद करतो हे तिने पहिल्यांदा बघितलं, आणि मग तिला विचारावं लागलं नाही. तिने फक्त एवढंच म्हटलं, "भाऊजी, तो दात माझा नव्हता."

"नव्हता," तो म्हणाला. आरशात त्याने तिच्याकडे बघितलं. "तुमचा ठेवलाय मी. कपाटात आहे, कापसात. टाकला नाही. तेवढं कळतं मला."

मग त्याने सगळं सांगितलं, लपवायचं काही नव्हतं अशा सुरात. त्या दिवशी लॅबमधून खाली उतरताना मॅडम त्याला म्हणाल्या होत्या, की आयुष्यभर पिवळ्या दातांची लाज वाटली, आता एक करतेच आहे तर पांढराशुभ्र करून द्या, हळूहळू बाकीचेही करून घेईन. वहिनींना सांगितलं असतं तर त्या रंगाची पट्टी घेऊन वाद घालत बसल्या असत्या. म्हणून त्याने ओळखीच्या दुसऱ्या लॅबमधून करून घेतला. दोन दिवसांत मिळाला.

"दात पांढराच असतो ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग चुकलं काय त्याचं?"

नवरा मागे न वळता म्हणाला, की जाऊ दे, तिने वाईट वाटून घेऊ नये, सगळं भल्यासाठीच झालं.

रांग थोडी पुढे सरकली आणि थांबली. तिने विचारलं, की दुसरीकडून दात मिळतात, दोन दिवसांत मिळतात, लोकांना आवडतात, तर तळघरात तिची खुर्ची कशाला. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिने ते एखाद्या मोजमापाबद्दल विचारावं तसं विचारलं.

"असं कसं, वहिनी?" टॉवर दुखावला. "माझ्याजवळ बोलायला काय आहे? मी जातो तिथे तुमचंच सांगतो. आमच्या वहिनी एम.एस्सी. आहेत, खिडकीशी बसवून रंग बघतात, एकेक दात आठवडाभर करतात. लोक ऐकत बसतात. तुम्ही नसलात तर मी सांगू काय?"

तो खरं बोलत होता. तिचं सगळं कसब त्याच्या बोलण्यातला एक चांगला भाग होता, आणि त्यासाठी तिने दात करायचीही फारशी गरज नव्हती. फक्त खाली खुर्चीत असायला हवं होतं. चारी बाजूंना गाड्या होत्या. सासूबाईंचा हात तिच्या गुडघ्यावर होता, प्रेमानेच ठेवलेला. तिला तो हलवता आला नाही.

"आणि राग येणार नसेल तर एक सांगू?" टॉवर हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही दात बघितलात. मी बाई बघितली. दोन तास त्या तुमच्यासमोर बसल्या होत्या, वहिनी. काय हवंय असं तुम्ही एकदा तरी विचारलंत का?"

तिने आठवून बघितलं. उजेड आठवला, रेघेचा कोन आठवला, हिरडीची कड आठवली. मॅडमचा चेहरा आठवेना. दुखणार नाही ना, एवढं एकच वाक्य, आणि त्यालाही तिने नुसती मान हलवली होती. पिवळ्या दातांची लाज वाटते, हे त्या तिला सांगू शकल्या नव्हत्या. जिन्यात, हात धरणाऱ्या माणसाला त्यांनी ते सांगितलं होतं. त्याने विचारलेलं बरोबर होतं. म्हणूनच ते इतकं लागलं.

आणि ज्या एका दाताने काम आणलं असं ती महिनोन् महिने मनाशी धरून होती, तो कपाटात होता. त्याने काहीच आणलं नव्हतं. त्याला कोणी बघितलंच नव्हतं, ती आणि प्लास्टरवाले काका सोडून.

हे लक्षात आल्यावर तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. नाही म्हणायला तिला अडवून धरणारी एक गोष्ट कमी झाली, एवढंच. बाकीच्या होत्या तिथेच होत्या: नवऱ्याची नोकरी, मुलीचं कॉलेज, गुडघ्यावरचा हात. त्यांचं ती काही करू शकत नव्हती. त्या आयुष्यभर राहणार होत्या, तळघरात गेली तरी आणि नाही गेली तरी.

सिग्नल सुटला. टॉवरने गिअर टाकला आणि तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, की संचालकांना आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय, आता नुसतं 'बघू' म्हणू नका.

"नाही म्हणत," ती म्हणाली.

नवरा मागे वळला.

"मी तळघरात येत नाही, भाऊजी. वरची लॅब मी चालू ठेवतेय. तुम्हाला हॉस्पिटलचं काम घ्यायचं तर घ्या, दात कुठूनही आणा, पण माझं नाव सांगू नका. माझ्यासाठी काम मागायला उद्यापासून मी जाईन. बोलता येत नाही, ते शिकेन. आणि काय हवंय, ते पेशंटला मी स्वतः विचारीन."