गालावरचा डाग

मी एक जुना बाक आहे. साडेपाच फूट लांब, चार पाय, पाठ नाही. मित्रांनो, सुताराला तशी सूचनाच होती: चित्रसंग्रहालयात आलेल्या माणसांनी बसून चित्र बघावं, डुलकी काढू नये.

माझी जागा वरच्या मजल्यावर, सात नंबरच्या खोलीत. समोर आठ पावलांवर एका मुलीचं चित्र. वय सतरा-अठरा. बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या. ओले हात कापडाला पुसता पुसता तिनं मान वळवली आहे, जणू आतून कुणीतरी हाक मारली आणि ती आता 'आले' म्हणणार. ती कोण आणि तिला रंगवणारा कोण, हे कुणालाच ठाऊक नाही.

मला तिथे ठेवलं त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा पाहिलं. मी लाकूड. मला काय कळणार? तरीही खोलीचं दार बंद झालं, तेव्हा हिला हाकेला उत्तर देता आलं नाही तर, या विचाराने मी कासावीस झालो. माणसांचंही तसंच व्हायचं. बोलत आलेली माणसं गप्प बसायची. उठताना माझ्यावर हात ठेवून उठायची, आणि तो हात गरम असायचा.

मग वर्षं गेली. चित्रावरचं वार्निश पिवळं पडलं, त्यावर धूळ आणि धूर बसला. मुलीचा चेहरा चहाच्या डागासारखा झाला. लोक तिच्यावरून नजर फिरवून पुढे जाऊ लागले. माझा उपयोग बुटाची नाडी बांधण्यापुरता उरला.

थांबायची ती एकटी मावशी. ती खोल्या पुसायची. दार उघडायच्या आधी, पावणेनऊला, बादली खाली ठेवून पाच मिनिटं माझ्यावर बसायची. पहारेकरी काका तिला चिडवायचे, की पगार पुसण्याचा आहे, बघण्याचा नाही. ती म्हणायची, "तुम्हाला बघण्याचा पगार आहे, तरी तुम्ही बघत नाही. मग कुणीतरी बघायला नको?"

एके दिवशी काकांनीच तिला सांगितलं, की साहेबांनी ठरवलं आहे, हे काळवंडलेलं चित्र उद्या तळघरात जाणार. तळघरात गेलेलं चित्र परत वर आल्याचं आमच्यापैकी कुणाला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी बसली नाही. थेट चित्रापाशी गेली. "अंधारात चाललीस, निदान तोंड पुसून तरी जा," म्हणाली. रुमालाचं टोक जिभेला लावलं आणि शाळेत निघालेल्या पोराचा गाल पुसावा तसा तिचा गाल पुसला.

सव्वानऊला साहेबांनी तो बघितला. काळ्या चेहऱ्यावर रुपयाएवढा गाल उजळला होता. कुणी केलं, असं त्यांनी विचारायच्या आत मावशी पुढे झाली. साहेबांनी तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. मग काय वाटलं कोण जाणे, चित्रांची दुरुस्ती करणाऱ्या बाईंना बोलावलं आणि त्या येईपर्यंत थांब, म्हणाले.

बाई आल्या. भिंग लावून बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "कशानं पुसलंत?"

"रुमालानं." मावशी अडखळली. "थुंकी लावून."

साहेबांनी कपाळाला हात लावला. बाईंनी पिशवीतून काडी काढली, टोकाला कापूस गुंडाळला आणि तो स्वतःच्या जिभेला लावला. मुलीच्या कपाळावर, एका कोपऱ्यात, हलकेच फिरवला. कापूस काळा झाला.

"आम्हीही हेच करतो," त्या म्हणाल्या. "पण आधी तपासतो, आणि घासत नाही. तुम्ही घासलंत. कानापाशी तिळाएवढा रंग गेलाय."

"तो परत येईल?"

"नाही. शेजारच्या रंगाशी जुळवून झाकता येईल. गेला तो गेला."

मावशी माझ्यावर बसली. नोकरीचं तिनं विचारलंच नाही.

साहेब मात्र त्या उजळलेल्या गालासमोरून हलले नाहीत. चित्र तळघराऐवजी बाईंच्या खोलीत गेलं. मावशीची नोकरी राहिली, पण सात नंबरची खोली तिच्याकडून काढून घेतली. तिला जिने मिळाले.

पाच महिन्यांनी मुलगी परत आली. त्या सकाळी काकांनी मावशीला वर बोलावलं. आता हातांवरचं पाणी चमकत होतं, ओठ 'आले' म्हणत होते. आणि हनुवटीवर पिठाचा ठसठशीत पांढरा डाग होता. चित्रकारानेच रंगवलेला.

मावशी बघत राहिली. मग हसता हसता तिचे डोळे भरले. "म्हणजे हिनं तोंड धुतलंच नव्हतं," ती म्हणाली.

मित्रांनो, आता माझ्यावर पुन्हा गर्दी असते. तुम्हीही या, बसा, हवा तेवढा वेळ बघा. सुंदर वस्तूवर जीव जडला की हात पुढे जातो, हे मला ठाऊक आहे. तेव्हा मावशीला आठवा. मुलगी परत आली त्या सकाळी ती पूर्ण वेळ दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. तिची बोटं माझ्या लाकडाला घट्ट धरून होती.