तेजस्विनी लिहिलेला फाळका

पिकअपच्या मागे, माल रस्त्यावर सांडू नये म्हणून पत्र्याचा जो आडवा दरवाजा असतो, तो मी. लोक मला फाळका म्हणतात. खाली बिजागऱ्या, बाजूला कड्या आणि साखळ्या, एवढाच माझा पसारा. गाडीच्या पुढे काय चाललंय ते मला जन्मात दिसलं नाही. मागून कोण येतंय ते मात्र सगळं दिसतं, आणि त्यातलं काही दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या बॉडी बांधणारी एक शेड आहे. माझा जन्म तिथला. धोंडीराम नावाचा तरणा माणूस नवी पिकअप घेऊन तिथे आला होता. "फाळका जरा जाड पत्र्याचा करा," तो कारागिराला म्हणाला. "निफाडची द्राक्षं वाहायचीत. क्रेट खाली पडलं तर बागवाला मला सोडायचा नाही." म्हणून मी असा जाडजूड झालो.

मग नाशिकला पेंटरने माझ्यावर पिवळ्या रंगात धोंडीरामच्या मुलीचं नाव लिहिलं, तेजस्विनी. पण अंदाज चुकला. 'तेजस्वि' ऐसपैस झालं आणि 'नी'ला जागाच उरली नाही. तो कडेला बारीक होऊन कसाबसा बसला. पेंटर ओशाळला. "पुसून परत लिहितो," म्हणाला. धोंडीराम हसला. "राहू दे. ती पण अजून लहानच आहे."

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते सांगत बसलो तर दिवस पुरणार नाही. द्राक्षं वाहिली, मंडपाचे बांबू वाहिले, कितीतरी लोकांचं घरसामान एका भाड्याच्या खोलीतून दुसऱ्या खोलीत पोचवलं. गाडी जुनी होत गेली तसा धोंडीराम तिच्यात तयार होत गेला. कुठे खट्ट वाजलं तरी त्याला कळायचं की हा स्प्रिंगचा पाटा आहे की शॉकअप.

पुढे मोबाइलवर जुन्या पिकअपवाल्यांचा एक ग्रुप निघाला. कुणाची गाडी कुठे अडली की तो ग्रुपवर विचारायचा, आणि धोंडीराम कड्या काढून मला खाली पाडून, माझ्यावरच बसून, फोन तोंडाजवळ धरून उत्तर द्यायचा.

"ऐक भावा. सेल्फ फिरतोय पण गाडी उचलत नाय, म्हणजे डिझेलच्या लायनीत हवा गेली. फिल्टरवरचा नट ढिला कर. हातपंप मारत राहा. बुडबुडे थांबले आन् नुसतं डिझेल यायला लागलं, की आवळ नट. मेकॅनिकला बोलवू नको."

लोक त्याला काका म्हणायला लागले. पेठ, सुरगाणा, सटाणा, कुठून कुठून माणसं आभार मानायची. त्याला ते आवडायचं. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू!

त्या ग्रुपवर फकिरा नावाचा एक जण होता. त्याने एके दिवशी गाडी भंगारात दिल्याचं कळवलं. धोंडीरामने तिथेच, सगळ्यांसमोर त्याला सुनावलं. "जुनी गाडी दुरुस्त होत नाय असं काही नसतं. माणसात दम नसतो. फकिरा, तुला गाडी कधी कळलीच नाय." त्यावर बऱ्याच जणांनी टाळ्यांची चित्रं टाकली. फकिरा मात्र ग्रुपमधून निघून गेला. माझ्यावरून उठताना धोंडीराम खुशीत शीळ घालत होता.

आणि मग आमची चासी, गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, सडली.

एकदा वेल्डिंग केलं, पुन्हा केलं. शेवटी वेल्डरने हातातली कांडी खाली ठेवली. "काका, आता वेल्डिंग धरायला लोखंडच उरलं नाय हो. आरटीओत हिचं पासिंग व्हायचं नाय. आन् घाटात मोडली तर तुम्ही जाल."

धोंडीरामलाही ते दिसत होतं.

वडाळा नाक्याच्या पुढे जुन्या गाड्यांचं एक यार्ड आहे. तिथे गाडी देऊन तो मालकाला हळूच म्हणाला, "मला पण ठेवून घे. पार्ट सोडवायला." मालकाने ठेवून घेतलं. सगळ्यात आधी मला सोडवलं गेलं, ते धोंडीरामच्याच हाताने. मग माझी रवानगी मागच्या भिंतीला टेकवलेल्या फाळक्यांमध्ये झाली, तोंड भिंतीकडे करून.

घरी त्याने सांगितलं की इंजिन खोललंय, गाडी गॅरेजला आहे, पार्ट मिळत नाहीत. तोवर मित्राची गाडी चालवतो. बायको शकुबाई रोज डबा भरून द्यायची. हे मला ठाऊक, कारण तिचा फोन आला की तो माझ्या भिंतीकडे, कोपऱ्यात येऊन बोलायचा. "हो, हो, सिन्नरला आलोय भाडं घेऊन." सांगताना आवाज एवढा बारीक करायचा की तिला दोनदा विचारावं लागायचं.

ग्रुपवरचं बोलणंही त्याने थांबवलं नाही. त्याच कोपऱ्यात उभा राहून म्हणायचा, "आपली गाडी बघा, आज सकाळी एका सेल्फला उठली." आमच्याच गाडीचा सोडवलेला सेल्फ तेव्हा त्याच्या पायाला लागून खणखणायचा. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो तेच बरं होतं. त्याच्याकडे बघवलं नसतं माझ्याने.

मग एक दिवस ललित आला. पेठच्या पलीकडे डोंगरातलं त्याचं गाव. तिकडची कारली, दोडकी नाशिकच्या मार्केटला आणायचा. त्याच्या गाडीचा फाळका कुणीतरी मागून धडक देऊन चेपवला होता. धोंडीरामने एकेक फाळका काढून दाखवला, पण ललितला एकही पटेना. शेवटी नाइलाजाने धोंडीरामने मला ओढून पुढे आणलं.

ललितने खिशातून छोटं चुंबक काढलं आणि माझ्या खालच्या कडेने फिरवत नेलं. "आमच्या ग्रुपवर एक काका हाय," तो आपण होऊन सांगायला लागला. "ते सांगत्यात, जुना पत्रा घेताना चुंबक लावून बघ. चिकटला नाय तर आत पुट्टी भरलेली समज. आन् बिजागरीची भोकं बघ, मोठी झाली असतील तर हात जोड."

चुंबक सगळीकडे घट्ट चिकटलं. धोंडीराम खाली बघत म्हणाला, "चांगला आहे. घेऊन जा."

ललित एकदम थांबला. "बोला ना परत. हा आवाज... तुम्ही धोंडीकाका ना?"

"नाय," धोंडीराम म्हणाला. "मी इथला कामगार. कोण काका?"

आणि माझ्यावरच्या नावाकडे न बघता त्याने मला उचलून ललितच्या गाडीत ठेवलं. मी आयुष्यभर त्याच्या गाडीमागे मिरवलो, आणि त्या क्षणी मला वाटलं, माझ्यावरची अक्षरं कुणीतरी खरवडून काढावीत.

ललितने मला बसवलं. माझ्या नशिबी पुन्हा रस्ता आला, सावळघाट आला, मागून येणाऱ्या गाड्यांचे चेहरे आले.

पेठ नाक्याच्या सिग्नलला एका सकाळी मागे स्कूटीवर तेजस्विनी दिसली. पंचवटीत औषधाच्या दुकानात ती कामाला होती. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. गॅरेजमधून गाडी आली, असं तिला वाटलं असणार. तिने हॉर्नवर हॉर्न दिले. "पप्पा! ओ पप्पा!" मग ती बाजूने पुढे गेली, मला दिसेनाशी झाली. नुसते आवाज ऐकू आले.

"ही गाडी तुमच्याकडे कशी?"

"माझीच हाय ताई. का?"

"मागे माझं नाव आहे. तेजस्विनी."

"नाव काय, लय गाड्यांवर असतं."

"असला बारीक 'नी' कुठे असतो? ती माझ्या पप्पांची गाडी आहे. धोंडीराम नाव त्यांचं."

मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले तेव्हा ललित म्हणाला, "बाजूला घ्या ताई. सांगतो."

यार्डात पोचलो तेव्हा धोंडीराम एका गाडीचा पाटा सोडवत होता. तेजस्विनीला पाहून त्याने आधी पाठ फिरवली. मग चिंधी घेऊन हात पुसायला लागला. ग्रीस निघत नव्हतं, तरी पुसतच राहिला.

"पप्पा, गाडी गॅरेजला आहे ना?" तिचा आवाज चढला होता. यार्डातले सगळे कामगार हातातलं सोडून बघायला लागले.

"इथं नको, बेटा," तो म्हणाला.

ती चपापली. आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "विकली तर विकली. आम्हाला का नाही सांगितलं?"

"फकिराला मी काय काय बोललो होतो, तुला नाय माहीत," धोंडीराम म्हणाला. "सगळ्यांसमोर. मग माझ्यावर तीच वेळ आल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार? एकदा बाहेर खोटं बोललो, ते निभवायला घरी पण बोलावं लागलं."

ललित पुढे आला. "काका, मला तरी खरं सांगायचं होतं."

"तुला तर मुळीच नाय. तू माझंच ऐकून खिशातून चुंबक काढलंस रे!" एवढं बोलून त्याने ती चिंधीच तोंडावर धरली.

ललितने मला खाली पाडलं. "बसा काका," म्हणाला. धोंडीराम बसला नाही. उभ्यानेच त्याने फोन काढला.

"मित्रांनो, धोंडीराम बोलतोय. माझी गाडी आता नाय. भंगारात दिली, आन् तिचे पार्ट मीच विकतोय. सकाळी उठली म्हणून सांगत होतो ते खोटं होतं. फकिराला बोललो ते वाईट बोललो. कुणाकडे त्याचा नंबर असेल तर त्याला हे ऐकवा."

कुणी हसरी तोंडं टाकली, एकाने लिहिलं, 'काकांची हवा निघाली.' फकिरापर्यंत निरोप गेल्याचं ललितला नंतर कळलं. फकिरा फक्त 'ऐकलं' एवढंच म्हणाला म्हणे. पुन्हा ग्रुपवर आला नाही.

घरी त्या दिवशी काय झालं ते मला माहीत नाही. पण काही आठवड्यांनी तेजस्विनीने ललितला फोन करून विचारलं, "यार्डाकडे जाणार असाल तर आईला सोडाल का?" नाक्यावर शकुबाई गाडीत चढली. "इतके दिवस डबा देत होते," ती ललितला म्हणाली. "माणूस कुठे बसून खातो ते तरी बघू."

ती यार्डात उतरली आणि कुणाला काही न विचारता तुटक्या गाड्यांमधून चालत गेली. आमच्या गाडीचं एका कोपऱ्यात जे काही उरलं होतं, ते तिने बरोबर ओळखलं. दारं नसलेली केबिन होती, आणि खाली सडकी चासी. धोंडीराम मागोमाग आला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"सगळं तुम्हीच सोडवलं?"

"हो."

"इतकी माणसं आहेत की इथे."

"त्यांनी गॅस कटर लावला असता," तो म्हणाला. "मी एकेक नट सोडवून काढलं."

शकुबाई त्या केबिनकडे बघत राहिली. मग पदराने मान पुसून शेजारच्या टायरवर बसली. "प्यायला पाणी आहे का इथे?"

तो धावतच गेला. नळाखाली त्याने ग्लास पुन्हा पुन्हा घासून धुतला आणि दोन्ही हातांनी धरून आणला.

माझं म्हणाल तर मी अजून धडधाकट आहे. कारली, दोडकी सांभाळतो, घाट चढतो. धोंडीकाका आता ग्रुपवर कमी बोलतात. कुणी काही विचारलं तर आधी सांगतात, "माझ्याकडे गाडी नाय, पण मला वाटतं ते असं आहे." ललित ते केबिनमध्ये मोठ्याने लावतो, म्हणून मलाही ऐकू येतं.

त्यांचं खोटं माझ्यावरच्या नावाने उघडं पडलं, तेही भर यार्डात, परक्या माणसांच्या देखत. त्याची लाज मला अजून वाटते. मी साधा पत्रा, तुम्हाला काय शिकवणार? फक्त एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी मोडलेली गोष्ट धड असल्यासारखी वागवत असेल, तर त्याला जरूर विचारा. पण चारचौघांत विचारू नका. जवळ बसा, आणि मग विचारा.