सुटा कोपरा

मी एक फ्लेक्स बोलतोय. चौकात भाऊ-दादांच्या वाढदिवसाला लागतो ना, त्याच जातीचा. फक्त माझ्या नशिबी वाढदिवस आला नाही. माझ्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं लिहिलंय आणि मधोमध कै. अंबूबाईंचा चेहरा आहे. सध्या मी लोहगडवाडीत, गडाच्या वाटेवरच्या एका टपरीची मागची भिंत होऊन राहतो. माझा खालचा एक कोपरा कापलेला आहे. तो का कापला हे सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो.

माझा जन्म कामशेतच्या एका दुकानात झाला. अंबूबाईंचा एकटीचा असा फोटो घरात नव्हताच. शेवटी त्यांच्या मुलानं, सोपाननं, मोबाइलमधून भाच्याच्या लग्नातला फोटो शोधून दिला. दुकानदारानं आजूबाजूची माणसं पुसून टाकली. पण अंबूबाईंच्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला होता, त्याची बोटं काही त्याला धड पुसता आली नाहीत. ती तशीच राहिली.

मग खालच्या कोपऱ्यात गावच्या एका भाऊंचा फोटो आला. पांढरे कपडे, कानाला फोन. चेहरा अंबूबाईंपेक्षा तसूभर मोठाच. दुःखाच्या वेळी हा माणूस फोनवर कुणाशी बोलतोय, असं मला विचारावंसं वाटलं होतं. पण खरं सांगू, त्या रंगांवर आणि झालरीवर मीही तेव्हा बेहद्द खूश होतो. आपण कशासाठी छापले गेलोय याचं मला भानच नव्हतं.

दशक्रिया पवनानगरजवळच्या घाटावर होती. भाऊंना मी सगळ्या गर्दीला दिसायला हवा होतो. म्हणून मला पिंडांच्या अगदी पाठीशी, दोन बांबूंना ताणून बांधलं. बांधता बांधता सुतळी संपली. खालचा, भाऊंचा कोपरा सुटाच राहिला. 'असू दे,' कुणीतरी म्हणालं.

प्रवचन झालं. भाऊंचं भाषण झालं. गुरुजींनी पिंड मांडले आणि माणसं मागं सरली. समोर करंजाच्या झाडावर कावळे होते. एक उडाला, खाली आला, आणि नेमका तेव्हाच धरणाकडून वारा सुटला. माझा कोपरा फाडकन वाजला. कावळा गर्रकन वळून झाडावर गेला.

दुसरा आला. मी पुन्हा वाजलो. तोही गेला.

माणसं काही माझ्याकडे बघत नव्हती. ती बघत होती पिंडांकडे. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव कशाततरी अडकलाय, एवढंच त्यांना ठाऊक. सोपान पुढं झाला. "आये, तुजी म्हस मी इकनार न्हाई, जा सुखानं," म्हणाला. कावळे हलले नाहीत. मग एक म्हातारे आबा हळूच म्हणाले, "लेकीला म्होरं येऊ द्या. म्हातारी तिच्या दारातनं उपाशी उठलीती."

लेक म्हणजे अनिता. माझ्यावरच्या फोटोतलं ते लग्न तिच्याच मुलाचं. त्या दिवशी ती व्याह्यांच्या मानपानात गुंतली आणि आईला 'चल जेवायला' म्हणायचं राहून गेलं. अंबूबाई मांडवात वाट बघत बसल्या आणि शेवटी न जेवताच घरी गेल्या. "आईला काय आवतन द्यायचं आसतंय व्हय?" असं अनिता म्हणायची. "पोटच्या पोरीनं इचारलं न्हाई," असं त्या म्हणायच्या. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं, ते बंदच राहिलं.

अनिता पुढं आली. हात जोडले. "आये, चुकलं माजं. येवडा घास घे गं," एवढंच बोलली. करंजावरून एक कावळा निघाला. तो अगदी पिंडाजवळ आला होता. आणि मी वाजलो.

मला थांबता आलं असतं तर! पण वारा आला की फडफडायचं, एवढंच मला येतं. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला. बायका अनिताकडे बघून आपसांत कुजबुजल्या. ती खाली मान घालून निघून गेली. कोपरा माझा सुटा होता आणि बोल तिला लागला.

पुढं सोपाननं मला पावसात जळण झाकायला टाकलं. एकदा अनिता माहेरी आली, तिनं आईचा चेहरा चिखलात बघितला आणि मला घडी घालून घरी नेलं. लोहगडवाडीतल्या तिच्या टपरीच्या मागच्या बाजूला बांधलं, चेहरा आत करून, आईला पाऊस लागू नये म्हणून. कोपरा तेवढा सुटाच राहिला. गडावर जाणारी पोरं कांदाभजी खाता खाता विचारायची, "मावशी, ह्या कोण?" "माजी आय," ती म्हणायची. खांद्यावरची बोटं कुणाची, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही. मला ते तिच्या हातांवरून कळलं.

रोज सकाळी पहिली भाकरी झाली की तिचा तुकडा ती बाहेरच्या दगडावर ठेवायची. कावळा घेईपर्यंत स्वतः खायची नाही. कावळे यायचे, मी वाजायचो, ते जायचे. "आजून राग गेला न्हाई," म्हणायची आणि चहावर दिवस काढायची, रात्री कुठं दोन घास. पार वाळली बाई. तिची सून तेजल विनवून थकली. मी रोज त्या दोघींचं ऐकत होतो आणि शरमेनं गोळा होत होतो.

मग एकदा वाऱ्यानं तेजलची चूल सारखी विझायला लागली. ती वैतागली. माझा कोपरा धरला आणि दोरीनं खांबाला आवळून टाकला.

थोड्या वेळानं कावळा आला. दगडावर बसला. भाकरी उचलली आणि तिथंच खाऊ लागला.

अनिताच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. तिनं कावळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. उठली आणि दोरी सोडली. मी फाडकन वाजलो, कावळा उडाला. तिनं पुन्हा कोपरा बांधला आणि दुसरा तुकडा ठेवला. कावळा परत आला.

"मेल्या, तू व्हतास व्हय!" ती म्हणाली, आणि रडायला लागली. "आत्या, काय झालं?" तेजल धावत आली. "आय रागावली नव्हती गं. ह्यो मेला कावळ्यांना भ्या दावत व्हता!"

रडून झाल्यावर तिनं विळ्यानं तो कोपरा कापला. भाऊ फोनसकट चुलीमागच्या ओल्या लाकडांखाली गेले. मग तिनं ताटलीत भाकरी घेतली, माझ्याकडं तोंड करून बसली आणि म्हणाली, "चल आये, जेवायला."

मी आता वाजत नाही. लाज मात्र गेलेली नाही, ती जाऊही नये. तुमच्या घरचं कुणी गेलं तर मला घाटावर आणू नका. आणलंतच, तर सगळे कोपरे घट्ट बांधा. पिंडापुढं कुणाची तरी लेक हात जोडून उभी असते.