दसऱ्याला पुजलेली रॅकेट

मित्रांनो, आदिलाबाद जिल्ह्यातील बोथपासून थोडे आत गेले की एक लहानसे गाव लागते. तेथे चंपतरावांच्या ओसरीत चार खुंट्या आहेत. पहिलीवर विळे असतात, दुसरीवर बैलांचे दोर, तिसरीवर कापूस वेचण्याची ओटी आणि चौथीवर मी असते. नवखा पाहुणा आला की मला पाहून हमखास विचारतो, "हे मच्छर मारायची बॅट काय? चार्जिंग होते काय अजून?" घरातील कोणी हसत नाही. मग तो पाहुणाही ओशाळतो आणि चहाच्या कपात पाहू लागतो.

मी मच्छर मारायची बॅट नाही. मी एक जुनी टेनिसची रॅकेट आहे. जिच्या हातात माझे आयुष्य गेले तिचे नाव रूपाली. एके काळी हा खेळ हाच तिचा धंदा होता व जगातील खेळाडूंच्या यादीत तिचे नाव छापले जात होते. आज ते तेथे नाही. ते कसे पुसले गेले, हे या घरात कोणी बोलत नाही. जी गोष्ट माणसांच्या ओठांवर येत नाही, ती सांगण्याचे काम माझ्यासारख्या मुक्या वस्तूवर येऊन पडते.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. काळ्या कार्बनची काया, पिंजाऱ्याच्या धनुकलीसारखी ताणून भरलेली तात आणि मुठीवर गुंडाळलेले मऊ चामडे, असे माझे रूप होते. आदिलाबादला बदलून आलेल्या एका साहेबांनी मला हौसेने आणले. पुढे त्यांची पुन्हा बदली झाली आणि मी तेथील क्लबाच्या कपाटात पडून राहिले. वापराविना पडून राहणे म्हणजे काय, हे मला बालपणीच समजले. त्या अंधारातून मला बाहेर काढले ते अनुप सरांनी.

अनुप सर बोथच्या शाळेत व्यायाम शिकवीत असत. त्यांचे वडील लोकांच्या शेतात सालदार होते. मुलगा शिकून मास्तर झाला, परंतु शेताच्या बांधावरची नजर त्याने सोडली नाही. एके दिवशी ते मोटारसायकलीने नेरडीगोंड्याकडे निघाले होते. वाटेत ज्वारीच्या रानात माळ्यावर उभी राहून एक मुलगी पाखरे हाकलीत होती. तिची गोफण डोक्यावरून फिरे, खांदा वळे, आणि दगड असा सुटे की आवाज मागाहून येई. सरांनी गाडी थांबवली.

"कोनाची वं तू?"

"चंपतरावची."

"तो दगड कुठं पडला, पाह्यलं काय?"

"काऊन पाहू? पाखरं उडाले ना."

पुढे सर सर्वांना सांगत, "बाकीच्या पोरींले सर्व्हिस मी शिकवली. हिले ज्वारीनं शिकवली."

सर मला घेऊन या घरी आले तेव्हा रूपालीची आई वच्छलाबाई म्हणाली, "एवढ्या मोठ्या भोकाच्या चाळणीत काय चाळावं, सर?" चंपतरावांनी मात्र मला हातात घेतले, मुठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मूठ चांगली आहे." शेतकऱ्याच्या घरी अवजाराची परीक्षा मुठीवरून होते, पात्यावरून नव्हे. पाते झिजले तर लोहार आहे. दांडा उलला तर हात फुटतो. म्हणून दांड्याला तेल पाजावे, तो कधी कोरडा ठेवू नये, ही त्या घराची पिढ्यांची शिकवण होती. मित्रांनो, ही शिकवण ध्यानात ठेवा.

त्यानंतरची वर्षे धावण्यात गेली. दर रविवारी पहाटेची बस, आदिलाबादच्या क्लबाचे लाल मातीचे मैदान, मग हैदराबादचे वसतिगृह, मग जिल्हा, राज्य, देश. शेवटी ती व्यावसायिक खेळाडू झाली. हा शब्द ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे दिव्यांचा झगमगाट उभा राहील. तसे काही नसते. परक्या मुलुखात प्रेक्षकांच्या ओळीत तीन माणसे बसलेली असतात, आणि त्यांतले एक चेंडू गोळा करणाऱ्याची वाट पाहणारे असते. हरले की त्याच दिवशी खोली रिकामी करावी लागते. स्नानगृहात धुतलेले कपडे ओलेच पिशवीत भरावे लागतात. रूपालीने हे सारे सोसले. आईने दिलेल्या डब्यातील शेंगदाण्याची चटणी ती बोटाने मोजून खात असे. मागाहून तिने आणखी एक नवी रॅकेट घेतली. परंतु सामना अटीतटीला आला की ती पिशवीतून मलाच काढी. माझ्या मुठीला तिच्या बोटांचे खळगे पडले होते.

कौतुकही पुष्कळ झाले. बोथच्या चौकात तिचा फलक लागला. शेजारची बयनाबाई आपल्या नातींना घेऊन आली आणि मला हात लावून नमस्कार करा म्हणाली. त्या मुलींनी खरोखर नमस्कार केला. मला संकोच वाटला, परंतु खोटे कशाला बोलू, आनंदही वाटला.

मग तो दसरा आला.

रूपाली पुष्कळ दिवसांनी सणाला घरी आली होती. दुसऱ्याच दिवशी तिला नागपूरला जायचे होते. तेथील स्पर्धा जिंकली तर यादीत तिचा क्रमांक इतका वर सरकणार होता की जगातील एका मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीचे दार तिला उघडणार होते. वयाच्या हिशेबाने ही संधी पुन्हा येणारी नव्हती, हे ती जाणून होती. अनुप सर त्या दिवशी गावात नव्हते. दर विजयादशमीला ते नागपूरला दीक्षाभूमीवर जात. यंदा तेथेच थांबून सामने पाहीन, असे ते सांगून गेले होते.

दसऱ्याला शेतकऱ्याच्या घरी अवजारे पुजतात. वच्छलाबाईने विळे, कुऱ्हाड, वखराची पास धुऊन पाटावर मांडली. मग लेक झोपली आहे असे पाहून तिने हळूच पिशवी उघडली व मला बाहेर काढले. आपल्या लेकीचे अवजार पाटावर नसावे, हे तिला बरे वाटेना. घाम टिपण्यासाठी माझ्या मुठीवर गुंडाळलेली पांढरी पट्टी तिला मळकी चिंधी वाटली. ती तिने सोडली. आतले चामडे कोरडे पडले होते, त्यावर सुरकुत्या होत्या. वच्छलाबाईच्या तोंडून "अरेरे" निघाले. वाटीभर तिळाचे तेल घेऊन तिने ते माझ्या मुठीत जिरवले, बाळाची टाळू भरावी तसे. माझ्यावर कुंकू लावले, झेंडू वाहिला. सकाळी पट्टी पुन्हा जशीच्या तशी गुंडाळून तिने मला पिशवीत ठेवले. इतक्या प्रेमाने मला कधी कोणी हात लावला नव्हता. त्या प्रेमात काय भरले आहे, हे सांगायला मला तोंड नव्हते.

नागपूरला रूपाली दुसऱ्या रॅकेटीने खेळत गेली आणि जिंकत गेली. अंतिम सामना आला. तिसऱ्या सेटमध्ये ती पाच-दोनने पुढे असताना त्या रॅकेटीची तात तुटली. तिने मला काढले. पट्टी नीट गुंडाळलेली पाहून तिला समाधान वाटले असावे. ऊन कडक होते. तिच्या तळव्याच्या उष्णतेने चामड्यात मुरलेले तेल वर येऊ लागले. तिने चेंडू उडवला, खांदा वळवला, गोफण फिरली, आणि ऐन वेळी मी तिच्या मुठीत फिरले. मला सुटू न देण्यासाठी तिने मनगट उलटे आवळले. आत ओली काडी मोडावी तसा आवाज झाला. तो फक्त तिने आणि मी ऐकला.

ती खाली बसली. तिने आपला तळवा नाकाशी नेला. मित्रांनो, तिळाच्या तेलाचा वास ओळखायला तिला कोणी शिकवावे लागत नव्हते. अनुप सर धावत आले तोवर तिने मला रुमालाने पुसून पिशवीत घातले होते.

"काय झालं वं?"

"मनगट गेलं, सर."

"असं कसं गेलं?"

"असंच गेलं."

दवाखान्यात वच्छलाबाई आली. लेकीच्या प्लास्टरवरून हात फिरवीत ती म्हणाली, "एवढं जपून खेळतं तू. कशानं झालं हे?"

"लई दिवसाचं झिजलं होतं, माय. डॉक्टर म्हनते."

"मी तं तुही रॅकेट बी पुजली होती वं त्या दिवशी. तेल-कुंकू सगळं केलं."

रूपालीने प्लास्टरवरचा आईचा हात डाव्या हाताने धरला. मग म्हणाली, "बरं केलं, माय."

शस्त्रक्रिया झाली. तिने पुन्हा खेळून पाहिले, पुन्हा मनगट सुजले. यादीत तिचे नाव खाली खाली जात राहिले, आणि एके दिवशी यादी आली त्यात ते नव्हतेच. ती गावी परतली. तिच्या उजव्या हाताने आता भरली कळशी उचलत नाही. ती डाव्या हाताने कापूस वेचते. जिने आपल्या नातींना मला नमस्कार करायला लावले होते, तीच बयनाबाई एकदा शेताच्या बांधावरून म्हणाली, "इमानात बसून दुनिया फिरून आली अन् आता एका हातानं कापूस येचून राह्यली."

"दुसरा हात इमानातच राह्यला, काकू," रूपाली म्हणाली आणि वेचीत राहिली.

दर दसऱ्याला वच्छलाबाई मला खुंटीवरून काढी व माझ्या मुठीला तेल लावी. रूपाली समोर बसून पाहत असे. ती अडवीत नसे. अडवले असते तर आईने कारण विचारले असते. माझे चामडे काळे पडले, कुजू लागले, तरी ती गप्प राहिली. मला वाटते, एवढा जड सामना ती मैदानावर कधी खेळली नव्हती.

अशी कित्येक वर्षे गेली असती. परंतु एका दसऱ्याला अनुप सरांचे गुडघे दुखू लागले आणि त्यांचे नागपूरला जाणे राहिले. आयुष्यात प्रथमच ते दसऱ्याच्या दिवशी या घरी चहाला आले. वच्छलाबाई पाटापुढे बसली होती, मी तिच्या मांडीवर होते.

"वच्छलाताई, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"दरसाल करतो, सर. दांडा कोरडा राह्यला तं उलते."

सर हसले. "इळ्याचं ठीक आहे. हिच्या मुठीले तेल नाई लावत कोनी. खेळनाऱ्याच्या हातात फिरून जाईन ना ते. मनगट..."

ते तेथेच थांबले. त्यांचे हसू चेहऱ्यावर तसेच राहिले, त्यातून जीव निघून गेला.

वच्छलाबाईची बोटे माझ्या मुठीवर थबकली. ती हळू म्हणाली, "त्या सालीबी लावलं होतं मी. नागपूरच्या आंदी."

"त्यानं काई नाई झालं," रूपाली म्हणाली. "मनगट झिजलं होतं. सांगितलं ना तुले तवाच."

"तुले ठावं होतं काय?"

"काय ठावं राहीन? काईच नव्हतं."

"माह्याकडं पाहून सांग, रूपा."

रूपालीने मान वर केली, आईच्या डोळ्यांत रोखून पाहिले व म्हणाली, "काईच नव्हतं, माय."

ही मुलगी खरे बोलताना इकडेतिकडे पाहते, आणि खोटे बोलताना रोखून पाहते. हे तिच्या आईहून अधिक कोणाला ठाऊक असणार? वच्छलाबाई पदराने माझी मूठ पुसू लागली. पुसतच राहिली. चंपतराव उठले आणि कारण नसताना बैलांना पाणी दाखवायला गेले. सरांचा चहा तसाच निवला. मित्रांनो, चामड्यात मुरलेले तेल पदराने निघत नाही.

गेल्या दसऱ्याची गोष्ट सांगून मी थांबते. अवजारे पाटावर मांडली गेली. विळ्यांना तेल लागले, कुऱ्हाडीला लागले. मग वच्छलाबाई चुलीपाशी गेली. तिने मूठभर राख घेतली आणि दोन्ही तळहात, बोटांची पेरे, नखांच्या कडा घासघासून इतक्या कोरड्या केल्या की कातडी पांढरी पडली. तेव्हा कोठे तिने मला खुंटीवरून उतरवले. चौकटीवर कुंकवाचे एक बोट लावले. मुठीला ती शिवली नाही.

रूपालीने तेलाची वाटी आणून तिच्याजवळ ठेवली. "लाव, माय," ती म्हणाली. "आता कोन खेळते हिनं? आता हे दांडाच आहे."

वच्छलाबाईने नकारार्थी मान हलवली. वाटी तशीच राहिली.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आपल्या माणसाला जपा, त्याच्या वस्तूंनाही जपा. परंतु जपण्यापूर्वी त्याला एकदा विचारा, की हे तुला कसे हवे. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने वेळीच सांगावे. मायेने उचललेल्या हातालाही सांगावे लागते. माझी तात आता सैल झाली आहे, चामडे गळून पडत आहे. मला त्याचे दुःख नाही. पुढच्या दसऱ्याला ती म्हातारी पुन्हा चुलीपाशी जाईल आणि राखेने हात घासू लागेल. तिच्या हातांना आता तेल नाही, हे तिला पटवून देणारे या घरात कोणी नाही.