एकाचीही यादी

ठण्ण. पातेल्याचं झाकण वाफेने उचललं आणि परत पडलं. केळीच्या पानांत गुंडाळलेलं कच्च्या केळ्यांचं मातोके शिजत आलं होतं. दिवाणावर झोपलेल्या पाच वर्षांच्या नाकातोने कूस बदलली आणि ती पुन्हा गप्प झाली. लेक उठायच्या आत थोडं काम उरकावं म्हणून रेस्टीने लॅपटॉप उघडला, तोच फोन थरथरला.

"नालोंगो, तुझं यंत्र तोंड मिटून बसलंय!" सरोवराकाठच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर नामातोवू बोलत होत्या.

जुळ्यांच्या आईला नालोंगोच म्हणायचं. रेस्टीचं स्वतःचं नाव आता फक्त नोकरीच्या कागदांवर उरलं होतं.

"काय म्हणतंय, सिस्टर?"

"'अहवाल नाही.' आणि प्रयोगशाळा म्हणते, कालच पाठवला. फोनवर सांगा म्हटलं तर नियम दाखवतात. समोर बाई बसलीय, बेटावरून आलेली. तिची ही दुसरी खेप. तिला एचआयव्ही आहे, बाळाला गेलाय का ते कळायचंय. दीडची होडी चुकवून राहणार कुठे ती? आणि आज तशीच परत गेली ना, तर पुन्हा यायची नाही. मी ओळखते यांना."

साडेबारा वाजले होते.

प्रयोगशाळेचे निरोप एक्सएमएलमध्ये येत. खुणेच्या आत खूण, जणू पानात पान गुंडाळलेली पुडी. ती पुडी सोडायची आणि आतल्या गोष्टी केंद्राच्या प्रोग्रामला कळतील अशा मांडून द्यायच्या, एवढंच करणारी लायब्ररी रेस्टीने लिहिली होती. कुणीही आपल्या प्रोग्रामला जोडून घ्यावी अशी कोडची पेटी. दोन वर्षांत तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

"परवा आले होते ना अहवाल?"

"आले की. तिघांचे, सटासट."

"आणि आज किती आहेत?"

"एकच. एरवी एकटा कधी येत नाही. पण हिच्या बाळाचं रक्त घेतलं त्या दिवशी वारा सुटला होता. बाकीच्या होड्याच निघाल्या नाहीत, ही एकटीच पोचली."

रेस्टीचा हात थांबला.

दोन-तीन अहवाल असले की लायब्ररी त्यांची यादी करी. एकच असला की यादीबिदी न करता तो तसाच सुटा पुढे देई. केंद्राचा प्रोग्राम मात्र यादीच शोधे. ती दिसली नाही की म्हणे, अहवाल नाही. बाळाचा अहवाल केव्हाचा दारात उभा होता, त्याला कुणी आत घेत नव्हतं इतकंच.

नवशिकासुद्धा हे आधी तपासून बघतो. मग आपण कसं नाही बघितलं? तिने चाचणीसाठी स्वतः रचलेले निरोप उघडले. पहिल्यात दोन मुली: बाबिर्ये, नाकातो. दुसऱ्यात बाबिर्ये, नाकातो. तिसऱ्यात त्या दोघी आणि शेजारणीचं बाळ. एकटं मूल कुठेच नव्हतं.

जुळ्यांतली थोरली बाबिर्ये, धाकटी नाकातो. ही नावं जन्माआधीच ठरलेली असतात. थोरली अकरा महिन्यांची असताना गेली. हे सगळे निरोप रेस्टीने त्यानंतर रचले होते.

"नालोंगो, आहेस ना? ही बाई झोळी बांधायला लागलीय."

"बसवा तिला. पाणी द्या, गप्पा मारा, काहीही करा."

दुरुस्ती दोन ओळींची होती: एकच असला तरी त्याची यादीच कर. तपासायला नवा निरोप हवा होता. बोटं घुटमळली. मग तिने एकच नाव लिहिलं. नाकातो. चाचणी चालवली. हिरवी खूण आली. जुने निरोप तिने तसेच राहू दिले, आणि नवा कोड मुख्य संगणकावर चढवला.

"आता बघा, सिस्टर."

"थांब, फिरतंय... फिरतंय... आलं गं!"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. सिस्टर कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलल्या. मग एक बाई मोठ्याने हसली. हसता हसता तिचा आवाज फाटला आणि दचकून बाळाने भोकाड पसरलं.

"ऐकलंस?" सिस्टर फोनवर परत आल्या. "मी काही सांगितलेलं नाही हं तुला. नियम आहे."

"तुम्ही कुठे काय सांगितलंत!" रेस्टीही हसली.

"होडीला अजून वेळ आहे. चहा पाजून पाठवते तिला. आणि तूही दोन घास खा, तुझ्या पोटातल्या कावळ्यांची कावकाव मला इथवर ऐकू येतेय."

फोन ठेवल्यावर रेस्टीने मान मागे टाकली. ती उठली, पातेलं उतरवलं, वरचं पान उलगडलं. पिवळ्या मातोकेची ऊन वाफ तोंडावर आली आणि ती तशीच डोळे मिटून उभी राहिली.

मागे वळून बघते तर नाकातो उठून लॅपटॉपसमोर बसलेली. नुकतीच ती शाळेत आपलं आणि बहिणीचं नाव लिहायला शिकली होती.

"आई, ही मी!"

"हो, तूच."

"एकटीच?" तिचं बोट पडद्यावर वर सरकलं, जुन्या निरोपांवर थांबलं. "इथे बाबिर्ये आहे. मग खाली का नाही?"

रेस्टी तिच्याशेजारी टेकली. जुळं मरत नाही, उडून जातं, असंच म्हणायचं असतं. तिच्या सासूने तिलाही तेव्हा तेच म्हटलं होतं.

"ती उडून गेली ना, बाळा."

नाकातोने खिडकीतून वर आकाशाकडे पाहिलं.

"मग दमली की ती कुठे बसते?"